नागपूर की मुंबई : एका कुटुंबाचा हिशेब

आमच्या भुसावळच्या माणसाला एक सोय आहे आणि तीच अडचणही आहे. रेल्वेच्या अंतराने मुंबई आमच्यापासून सुमारे 440 किलोमीटर, आणि नागपूर सुमारे 390. एकाच फलाटावर उभे राहिले की डावीकडची गाडी एकीकडे नेते, उजवीकडची दुसरीकडे. त्यामुळे नागपूरचा माणूस दीक्षाभूमीला जातो, मुंबईचा चैत्यभूमीला जातो, आणि भुसावळचा माणूस दरवर्षी पावसाळ्यात विचार करीत बसतो की यंदा कुठे? दोन्हीकडे जावे असे वाटते. दोन्हीकडे नेण्याइतके पैसे मात्र घरात नसतात.

यंदा हा विचार आमच्या घरी जास्त झाला, कारण आईने तोंड उघडले. आई आता 76 वर्षांची आहे. गुडघे गेलेले, जोडीला दमा. गेली सहा-सात वर्षे ती कुठेच गेली नाही. मुलीच्या कॉलेजची फी, मुलाचा क्लास, घराचे पत्रे, असे एकेक निघत गेले आणि ती "तुम्ही या जाऊन" म्हणत गेली. या वैशाख पौर्णिमेला विहारातून घरी आल्यावर चप्पल काढता काढता म्हणाली, "यंदा मला एकदा घेऊन चल. कुठंबी ने. पण एकदा ने."

कुठंबी ने, असे म्हणाली खरी. पण तिच्या मनात काय आहे ते मला नंतर कळले.

मी पेशाने कारकून. बी. कॉम. शिकलो आणि आयुष्यभर दुसऱ्यांचे जमाखर्च लिहिले. विहाराच्या समितीतही खजिनदारी माझ्याच गळ्यात आहे. म्हणून मी वहीचे पान मध्ये उभी रेघ मारून दोन भागांत केले. डावीकडे नागपूर, उजवीकडे मुंबई. रविवारच्या वंदनेनंतर हेच पान मी चार लोकांना दाखवले, कारण वस्तीतल्या इतर घरांपुढेही हाच प्रश्न होता. त्यावर एक ज्येष्ठ उपासक रागावले. "दीक्षाभूमी आणि चैत्यभूमी काय बाजारातल्या भाज्या आहेत भाव करायला?" असे म्हणाले. मी त्यांचा मान ठेवतो, त्यामुळे तिथे बोललो नाही. इथे बोलतो. आपण हिशेब केला नाही म्हणून हिशेब होत नाही असे नाही. तो होतोच, फक्त मुकाट्याने होतो. घरातली तरणी माणसे जनरलच्या डब्यात दाराशी लोंबकळत जाऊन येतात. म्हातारी, पोटुशी आणि लहान लेकराची आई घरी राहते. कोण जाणार नाही हे पैशानेच ठरलेले असते. आणि ज्यांनी 1923 साली लंडनमध्ये 'रुपयाचा प्रश्न' या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांच्या अनुयायांनी रुपयाचा हिशेब मांडायला लाजू नये, असे मला वाटते.

तर आधी गाडीभाडे. आम्ही पाच जण. स्लीपरचे भाडे दोन्हीकडे माणशी तीनशेच्या आत-बाहेर पडते. मुंबईचे वीस-तीस रुपये जास्त. म्हणजे पाच माणसांचे जाऊन-येऊन तीन हजार धरले, तर दोन शहरांतला फरक दोन-तीनशेचा. यावरून काहीच ठरत नाही.

फरक पडतो तो आईच्या तिकिटात, आणि तोही शहरामुळे नाही. पूर्वी रेल्वेत 58 वर्षांवरच्या स्त्रीला अर्धे तिकीट असे. मार्च 2020 मध्ये महामारीच्या वेळी ती सवलत बंद झाली, ती ज्येष्ठांना परत मिळालेली नाही. उलट एस.टी.त 2022 च्या ऑगस्टपासून 75 वर्षांवरच्या माणसाला तिकीटच नाही, आणि मार्च 2023 पासून सगळ्या स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. म्हणजे आई एस.टी.ने फुकट, बायको आणि मुलगी अर्ध्यात. वाचकाला वाटेल, मग एस.टी.च बरी. मलाही वाटले. पण जानेवारी 2025 च्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीला दर सहा किलोमीटरच्या टप्प्यामागे साधारण दहा रुपये पडतात. नागपूरला पुरुषाचे पूर्ण तिकीट साडेसहाशेच्या घरात जाते, आणि अर्धे तिकीटसुद्धा स्लीपरच्या बर्थपेक्षा स्वस्त होत नाही. फुकट काय ती एकटी आई. आणि त्या फुकटाचा अनुभव आम्ही उन्हाळ्यात घेतला होता. अकोल्याला लग्नाला तिला एस.टी.ने नेले. उतरली तेव्हा पाय सुजून चपलेत मावेनात. नागपूरला नऊ-दहा तास तसे बसवायचे, वाटेत लघवीसाठी गाडी थांबवायला कंडक्टरच्या विनवण्या करायच्या, हे तीनशे रुपये वाचवण्यासाठी करण्याजोगे नाही. एस.टी.वर फुली मारली.

दुसरी गोष्ट हवामानाची. याविषयी आपल्याकडे ऐकीव गोष्टी फार. नागपूर म्हणजे भट्टी, मुंबई म्हणजे समुद्राची थंड हवा, असे आमच्या गल्लीत सगळे मानतात. मुलीने हवामान खात्याच्या सरासऱ्या काढून दिल्या, त्या पाहून मी चकित झालो. ऑक्टोबरात नागपूरचा दुपारचा पारा 32-33 अंश. डिसेंबरात मुंबईचा दुपारचा पाराही 32 च्याच आसपास. नागपूरची ती भट्टी मे महिन्यातली, आणि मे महिन्यात आमचे भुसावळ कुणाला हार जाते? मग दोन्हीकडे पारा सारखा असेल तर फरक कशात? फरक घामात आहे. आमचा मुलूख कोरड्या उन्हाचा. सावलीत गेले की घाम वाळतो आणि जिवाला बरे वाटते. मुंबईत डिसेंबरातही गर्दीत उभे राहिले की अंगाला कपडा चिकटतो आणि तो चिकटलेलाच राहतो. दुपारनंतर समुद्राचा वारा सुटतो तेव्हा शिवाजी पार्कात बरे वाटते, हे खरे. मी तो वारा अनुभवला आहे. पण गेल्या काही हिवाळ्यांत मुंबईची हवा धुरकट झाली आहे. बांधकामांची धूळ वर जात नाही, तिथेच तरंगते. ती दम्याच्या माणसाला सोसत नाही.

नागपूरला दुसरे भय असते, पावसाचे. विजयादशमी तिथीने येते, म्हणून तारीख मागेपुढे होते. 1956 साली ती 14 ऑक्टोबरला होती. गेल्या वर्षी, 2025 ला, 2 ऑक्टोबरलाच आली. इतक्या लवकर आली की परतीचा पाऊस डोक्यावर असतो आणि मैदानात चिखल होण्याची भीती. यंदा अधिक महिना पडल्यामुळे विजयादशमी 20 ऑक्टोबरला आहे. तोवर पाऊस बहुधा निघून गेलेला असतो, रात्री हवेत गारवा येतो. अधिक मासाचा आपल्याला असा फायदा व्हावा ही गंमतच. 6 डिसेंबरची तारीख हलत नाही, तेव्हा पावसाचे भय नसते, असे म्हणणार होतो. पण 2017 साली ओखी वादळाने ऐन 5 डिसेंबरला मुंबईत पाऊस पाडला, शिवाजी पार्क ओले झाले आणि माणसांना महापालिकेच्या शाळांत हलवावे लागले. तेव्हा निसर्गाची हमी कुठेच नाही.

हे पान मी रात्री घरी वाचून दाखवले. माझी बायको भाकऱ्या थापत ऐकत होती. म्हणाली, "अहो, सगळं लिहिलं. पाणी कुठं लिहिलं?"

मला वाटले बाटलीचे पैसे म्हणते. म्हणून सांगितले की पाणी दोन्हीकडे फुकट मिळते, समाजाच्या संस्था वाटतात, महापालिका टँकर लावते. ती म्हणाली, "मिळतं हो. पण आम्ही पितो का ते विचारा."

मग तिने आणि आईने मिळून जे सांगितले ते ऐकून मी पेन खाली ठेवले. वीस वर्षे मी या वाऱ्या करतो, लोकांना घेऊन जातो, स्वयंसेवकाचा बिल्ला लावतो, आणि हे मला माहीत नव्हते. आमच्या बायका आदल्या संध्याकाळपासून पाणी तोडतात. गाडीत संडासापर्यंत माणसांच्या अंगावरून जावे लागते म्हणून. मैदानात फिरत्या शौचालयापुढे रांग असते, आत पाय ठेववत नाही म्हणून. रांगेतून बाहेर पडले तर जागा जाते म्हणून. दिवसभरात दोन घोट. उन्हात उभे राहून दोन घोट! मागे एका वर्षी आमच्या सोबतच्या एक मावशी चक्कर येऊन पडल्या, तेव्हा आम्ही पुरुषांनी "ऊन लागले" म्हणून कांदा हुंगवला. ऊन नव्हते लागले. त्यांनी सोळा तास पाणी घेतले नव्हते. ही गोष्ट माझ्या शेजारी बसलेल्या बायकोला तेव्हाच कळली होती, आणि तिने ती मला आज सांगितली.

म्हणून मी नवीन पान घेतले. वर लिहिले : आईला किती पायऱ्या, किती उभे राहणे, संडास किती लांब. शहरांचा हिशेब या पानावर उलगडला.

मुंबईला माझा आतेभाऊ कल्याणला राहतो. माणूस सोन्यासारखा, पण 5 आणि 6 डिसेंबरला त्याच्या एका खोलीत पंधरा पाहुणे असतात. तिथून लोकल, दादरचा पूल, मग दोनेक किलोमीटर पायी, आणि मग रांग. 6 तारखेची चैत्यभूमीची रांग तासन् तास चालते. यंदा 6 डिसेंबर रविवारी आला आहे, म्हणजे नोकरीवाल्यांची सोय झाली आणि त्यामुळे गर्दीही तितकीच वाढणार. आईने एवढी रांग करणे शक्य नाही. मैदानातल्या पडद्यावर दर्शन घेऊन परत आणायचे, तर तिला नेले असे कसे म्हणू?

नागपूरला माझी मेव्हणी इंदोऱ्याला राहते. दोन खोल्या, घरात संडास. आणि आता इंदोरा चौकातूनच मेट्रो आहे. तीच गाडी बदलावी न लागता रहाटे कॉलनीला जाते, स्टेशनात लिफ्ट आहे, आणि तिथून दीक्षाभूमी हळूहळू चालत गाठण्याजोगी आहे. मैदान मोठे, बसायला जागा मिळते. दमली तर परत घरी आणता येते. रजा दोन्हीकडे एकच धरली, कारण या वयात तिला लागोपाठ दोन रात्री गाडीत काढायला लावणार नाही. पैशाने नागपूर पाच माणसांना सात-आठशे रुपये कमी पडते, तेही मुख्यतः मेव्हणीच्या घरामुळे. मेव्हणी नसती तर पारडे कुठे झुकले असते सांगता येत नाही. ज्यांचे नातेवाईक वरळीला किंवा नायगावला आहेत त्यांचे पान वेगळे निघेल. त्यांनी ते मांडावे.

तरीही मी आईला एक तिसरी वाट सुचवली. ऐन दिवशी कशाला? पुढच्या आठवड्यात जाऊ. गाडीला गर्दी नाही, मैदान मोकळे, स्तूप निवांत पाहता येईल. पाणी पी, बस, हवे तितके थांब.

आई म्हणाली, "गर्दी पाहायलाच तर जायचं आहे रे मला."

मग तिने सांगितले. 1956 साली ती सहा वर्षांची होती. वरणगावकडच्या खेड्यात राहत. माझे आजोबा दसऱ्याला नागपूरला निघाले, पांढरे धोतर धुऊन वाळवून. मामाला बरोबर घेतले. हिने मागे लागून रडून घेतले. तर आजोबा म्हणाले, तू लहान, गर्दीत हरवशील, पुढच्या वेळी नेईन. परत आले ते वेगळेच माणूस होऊन आले. देव्हारा उचलून तापीत सोडला. दोन महिने झाले नाहीत तोच डिसेंबरात बाबासाहेब गेल्याची बातमी आली. पुढची वेळ आलीच नाही. पुढे मामा हयातभर लग्ना-कार्यात सांगत राहिले, मी बापाच्या खांद्यावर बसून बाबासाहेबांना पाहिलं. हिने फक्त ऐकले. लग्नानंतर मुंबईला ती पंधरा-वीस वेळा गेली, बायकांच्या घोळक्याने. पण दसऱ्याचे दिवस ज्वारीच्या काढणीचे, कापसाच्या पहिल्या वेचणीचे. तीच मजुरी वर्षाला आधार. त्यामुळे नागपूरला ऐन दिवशी ती कधीच गेली नाही. पुढे आम्ही दोनदा गेलो तेव्हा घर आणि लेकरे सांभाळायला तीच होती. मीच तिला ठेवून गेलो होतो.

"बापानं सांगितलं गर्दीत हरवशील," ती म्हणाली. "ती गर्दी पाहू तरी दे."

यंदा त्या दिवसाला 70 वर्षे होतात. गर्दी कमी असणार नाही.

तिकिटाविषयी दोन कामाच्या गोष्टी सांगतो, कारण यात पुष्कळ कुटुंबे फसतात. आता आरक्षण 60 दिवस आधी उघडते, पूर्वीसारखे चार महिने आधी नाही. 19 ऑक्टोबरच्या गाडीचे 20 ऑगस्टला सकाळी आठला, आणि 5 डिसेंबरच्या गाडीचे 6 ऑक्टोबरला. सणाच्या गाड्या पहिल्याच तासात भरतात. दुसरे असे की 45 वर्षांवरच्या स्त्रियांना आणि ज्येष्ठांना खालचा बर्थ मिळण्याचा वेगळा कोटा आहे. पण एका तिकिटावर दोनच माणसे असतील तर. पाचही नावे एकाच फॉर्मवर लिहिली की तो कोटा लागू होत नाही आणि म्हातारीला वरचा बर्थ येतो. म्हणून आई आणि माझी बायको यांचा फॉर्म वेगळा, आम्हा तिघांचा वेगळा.

जनरलने न्यायचे नाही हे मी ठरवले आहे, पैसे कमी पडले तरी. ज्यांना तेच परवडते त्यांना मी नावे ठेवत नाही. मीही तसा गेलो आहे. पण काही वर्षांपूर्वीची गोष्ट. 4 डिसेंबरच्या रात्री आईला घेऊन आरक्षित डब्यात चढलो. आईच्या पांढऱ्या साडीकडे आणि माझ्या पिशवीतल्या निळ्या झेंड्याकडे पाहून समोरच्या गृहस्थांनी पाय पसरले आणि म्हणाले, "तुमचा डबा पुढे आहे." मी तिकीट दाखवले. त्यांनी ते हातात घेऊन, दिव्याखाली धरून, नीट वाचले. टी.सी.नेही नंतर इतके वाचले नाही. मग पाय आवरले. आई काही बोलली नाही. पण माझ्या हातातून तिकीट घेतले आणि दादर येईपर्यंत मुठीत धरून बसली. झोपलीच नाही.

परवा मी स्टेशनवरून दोन कोरे फॉर्म आणून ठेवले. मुलगी भरायला बसली तर आईने तिचा फॉर्म ओढून घेतला. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेले अक्षर, मोठे आणि सुटे. नाव लिहिले. वयाच्या रकान्यात 76. 'कोठून' मध्ये भुसावळ. 'कोठे' लिहिताना तिने मुलीला विचारले, नागपूरचा 'पू' दीर्घ ना? दीर्घ, म्हणून मुलीने सांगितले.

बर्थच्या पसंतीचा रकाना राहिला होता. तो मी भरला.